लवादाचा निवाडा रखडला तर काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातले कंत्राटदार, जमीनमालक, बिल्डरशी करार केलेले लोक आणि औद्योगिक वसाहतींतले लहान उद्योजक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. खाली नुसते 'कलम' म्हटले आहे तिथे ते १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याचे समजावे.

१. युक्तिवाद संपून दोन वर्षांनी लवादाने निवाडा दिला. एवढ्या उशिरावरच तो रद्द होईल का?

नाही. नुसता उशीर हे निवाडा रद्द करण्याचे कारण म्हणून कलम ३४ मध्ये दिलेले नाही. आधी वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचे यावर एकमत नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली शेवटच्या सुनावणीनंतर तीनेक वर्षांनी आलेला निवाडा टिकू दिला नव्हता, तर इतरत्र उशीर होऊनही निवाडे टिकले.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लॅन्कॉर होल्डिंग्स प्रकरणात हा वाद मिटवला. चेन्नईतल्या एका इमारतीवरून जमीनमालक आणि बिल्डर यांच्यात तंटा होता. लवादाने २८ जुलै २०१२ रोजी निवाडा राखून ठेवला आणि दिला १६ मार्च २०१६ रोजी. तोही असा की मूळ वाद सुटलाच नाही, पक्षकारांना पुन्हा नव्याने दाद मागायची पाळी आली. न्यायालय म्हणाले की उशीर एकटा पुरत नाही. पण उशिराचा वाईट परिणाम निवाड्यातल्या निष्कर्षांवर स्पष्ट दिसत असेल, आणि विशेषतः उशिराचे कारण दिलेले नसेल, तर तो निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध किंवा उघड बेकायदेशीर ठरू शकतो. पहिला मुद्दा कलम ३४(२)(ब) खाली येतो, दुसरा ३४(२अ) खाली.

म्हणून अर्जात 'अमुक महिने उशीर झाला' एवढेच लिहिले तर अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त. परिणाम दाखवावा लागतो. तो कसा दाखवायचा, ते पुढच्या प्रश्नात.

२. उशिराचा परिणाम दाखवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

निवाडा आणि लवादाचे रेकॉर्ड शेजारी ठेवून परिच्छेदागणिक वाचायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळे प्रकरण त्यावरच उभे राहते. खालच्या खुणा शोधा.

एक, विसरलेला पुरावा. समजा, निवाड्याच्या ४१ व्या परिच्छेदात लिहिले आहे की 'मोजणी पुस्तिकेबद्दल साक्षीदाराला काहीच विचारले नाही'. रोजनाम्यात (लवादाच्या बैठकांच्या नोंदवहीत) मात्र त्याच साक्षीदाराची त्याच पुस्तिकेवर दोन बैठका उलटतपासणी झाल्याची नोंद आहे. लवादासमोर टिपणे होती, पण साक्ष त्यांच्या लक्षात राहिली नव्हती, हे याहून स्पष्ट दाखवता येत नाही. दोन, न हाताळलेला मुद्दा. वादमुद्दे दहा काढले आणि उत्तरे आठांनाच आली. तीन, नुसते तुमच्या लेखी युक्तिवादाचे उतारे आणि त्याखाली दोन ओळींचा निष्कर्ष. चार, मध्यंतरी बदललेली परिस्थिती. उदाहरणार्थ, जो फ्लॅट हस्तांतरित करा असे निवाडा सांगतो तो एव्हाना तिसऱ्याच्या ताब्यात गेला आहे, आणि लवादाला त्याचा पत्ताच नाही. लॅन्कॉरमध्ये निवाडा अमलात आणण्याजोगा राहिला नव्हता, हीच गोष्ट निर्णायक ठरली.

हे सापडले की तीन रकाने करा: निवाड्यातला परिच्छेद, रेकॉर्डमधले पान, आणि दोघांतली विसंगती. याच्या आधी तारखांचा तक्ता जोडा: शेवटची साक्ष, शेवटचा युक्तिवाद, निवाडा राखून ठेवल्याची नोंद, तुम्ही पाठवलेली स्मरणपत्रे, निवाड्याची तारीख, प्रत हातात पडल्याची तारीख.

एक धोका लक्षात ठेवा. रेकॉर्डमधली प्रत्येक चूक उशिराच्या खात्यात टाकू नका. पुराव्याचे वजन लवादाने वेगळे केले असते तर बरे झाले असते, असला युक्तिवाद कलम ३४ मध्ये चालत नाही. त्याने तुमचे खरे दोन-तीन मुद्दे झाकोळतात. २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम ३४(२)(अ) खालची कारणे लवादाच्या रेकॉर्डवरूनच सिद्ध करावी लागतात, तेव्हा नव्याने साक्षीदार उभा करण्याची आशा धरू नका.

३. निवाडा अमुक मुदतीत द्यायलाच हवा, असे कायद्यात आहे का?

आहे. २३ ऑक्टोबर २०१५ पासून कलम २९अ लागू झाले. ३० ऑगस्ट २०१९ च्या दुरुस्तीनंतर देशांतर्गत प्रकरणात दावा आणि कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. दावा-कैफियतीचा टप्पा लवादाला नेमणुकीची लेखी सूचना मिळाल्यापासून ६ महिन्यांत संपवायचा असतो. दोन्ही बाजूंची संमती असेल तर आणखी ६ महिने मिळतात. त्यापुढची वाढ फक्त न्यायालय देते, तीही पुरेसे कारण असेल तरच. उशीर लवादामुळे झाला असेल तर न्यायालय दर महिन्यामागे ५ टक्क्यांपर्यंत त्यांची फी कापू शकते. वाढ दिली तरी लवाद बदलण्याचा अधिकार न्यायालयाकडे राहतो. नवा लवाद आला की काम जिथे थांबले होते तिथून पुढे चालते, साक्षी पुन्हा नोंदवाव्या लागत नाहीत.

२३ ऑक्टोबर २०१५ च्या आधी सुरू झालेल्या लवादांना ही मुदत लागू नाही. जुनी प्रकरणे रखडली ती बहुतेक याच गटातली. परदेशी पक्षकार असेल तर प्रश्न १६ पहा.

४. मुदत संपली, कोणीच मुदतवाढ मागितली नाही आणि नंतर निवाडा आला. तो चालतो का?

मुदत संपली की लवादाचा अधिकार संपतो, आणि अधिकार नसताना दिलेल्या निवाड्याला आव्हान देण्याचे स्वतंत्र आणि भक्कम कारण मिळते. इथे प्रश्न २ मधला परिणाम दाखवायची गरज पडत नाही.

पण निश्चिंत होऊ नका. मुदत संपल्यानंतरही मुदतवाढीचा अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी रोहन बिल्डर्स प्रकरणात ठरवले. अर्ज प्रलंबित असेतो लवादाचा अधिकार चालू राहतो. त्यामुळे समोरच्याने मुदतवाढ मागितली की नाही, हे आधी न्यायालयाच्या नोंदीत तपासा.

५. मुदतवाढीचा अर्ज कुठे करायचा, पर्वरीला उच्च न्यायालयात की जिल्हा न्यायालयात?

देशांतर्गत प्रकरणात जिल्हा पातळीवर. यावर गोव्यातच बराच गोंधळ झाला. लवाद उच्च न्यायालयाने नेमला असेल तर मुदतवाढही उच्च न्यायालयच देईल, असे मत गोवा खंडपीठाने २०२४ साली घेतले होते. त्याच प्रकरणावर २०२६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लवाद कोणी नेमला याने फरक पडत नाही, कलम २(१)(ई) मधल्या व्याख्येतले 'न्यायालय' तेच खरे. मुंबईतल्या मुख्य पीठाला आहे तसा मूळ दिवाणी अधिकार (दिवाणी दावे थेट दाखल करून घेण्याचा) गोवा खंडपीठाकडे नाही. म्हणून अर्ज उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या प्रधान दिवाणी न्यायालयात जातो. वाद व्यावसायिक स्वरूपाचा आणि ३ लाखांपासून पुढचा असेल तर व्यावसायिक न्यायालयाकडे.

६. निवाडा अजून यायचा आहे. तोवर आम्ही काय करावे?

राखून ठेवल्याची तारीख लेखी घ्या. शेवटच्या बैठकीच्या रोजनाम्यात 'युक्तिवाद पूर्ण, निवाडा राखीव' ही ओळ नसेल तर दुसऱ्याच दिवशी ईमेलने नोंद करून घ्या, प्रत समोरच्या वकिलाला. कलम २९अ ची शेवटची तारीख कॅलेंडरवर मांडा. ती जवळ आली आणि लवादाकडून काही हालचाल नसेल तर दोनच रस्ते: संमतीपत्र किंवा न्यायालय.

दर दोन-तीन महिन्यांनी एक छोटे, सभ्य स्मरणपत्र पाठवा. त्यात आरोप नको, फक्त तारखा. दीर्घ काळ गेला असेल तर 'मुख्य मुद्द्यांवर पुन्हा थोडक्यात तोंडी म्हणणे मांडायला एक बैठक द्यावी' अशी विनंती करा. ती मान्य झाली तर लवादाच्या आठवणीला उजाळा मिळतो. नाकारली गेली तर ते तुमच्या रेकॉर्डवर येते.

पाणी डोक्यावरून गेले तर कलम १४ आहे. लवाद अकारण विलंब लावत असेल तर त्यांचा अधिकार संपल्याचे जाहीर करा, अशी मागणी न्यायालयात करता येते. मग कलम १५ खाली दुसरा लवाद येतो.

७. स्मरणपत्रे पाठवली तर लवाद नाराज होऊन आमच्याविरुद्ध निवाडा देतील, अशी भीती वाटते.

ही भीती खरी आहे आणि तिच्यापायीच लोक वर्षानुवर्षे गप्प बसतात. दोन्ही बाजूंनी मिळून एकच पत्र पाठवले तर ती बरीच कमी होते. समोरची बाजू तयार नसेल तरी तुमच्या पत्रात फक्त तारखा आणि विनंती असेल तर त्यात रागावण्यासारखे काही उरत नाही.

८. आम्ही कलम १४ खाली कधीच न्यायालयात गेलो नाही. आता उशिराबद्दल बोलता येईल का?

येईल. आधी कलम १४ चा अर्ज केलाच पाहिजे, अशी अट नाही, हे लॅन्कॉरमध्ये स्पष्ट झाले. तरी समोरचा वकील 'तेव्हा का नाही बोललात?' हे विचारणारच. तेव्हा प्रश्न ६ मधली पत्रे कामी येतात.

९. लवाद म्हणतात निवाडा तयार आहे, पण समोरच्याने त्याच्या वाट्याची फी भरलेली नाही म्हणून देत नाहीत. हे बरोबर आहे का?

कलम ३९ प्रमाणे थकलेल्या फीसाठी निवाडा अडवून ठेवण्याचा हक्क लवादाला आहे. हा विलंब तुम्ही रद्द करण्याचे कारण म्हणून वापरू शकणार नाही. पण न्यायालयात मागितलेली रक्कम जमा करून निवाडा मिळवता येतो, आणि मग वाजवी फी किती, ते न्यायालय तपासते. अनेकदा दुसऱ्याचा वाटा स्वतः भरून निवाडा घेणे आणि खर्चात तो वसूल करणे स्वस्त पडते.

१०. निवाड्याला आव्हान द्यायला किती वेळ असतो?

तीन महिने. त्यानंतर पुरेसे कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. उशिरावर बोलणाऱ्या माणसाचा अर्ज स्वतःच उशिरा आला म्हणून फेटाळला जावा, यासारखे वाईट काही नाही, आणि असे होत असते. म्हणून हे नीट समजून घ्या.

तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत, कॅलेंडरचे महिने. निवाडा २५ सप्टेंबरला हातात पडला तर तो दिवस सोडून मुदत २५ डिसेंबरला संपते. त्या दिवशी नाताळ, न्यायालय बंद. अशा वेळी न्यायालय उघडेल त्या दिवशी अर्ज केला तर तो मुदतीत धरतात. पण निवाडा २५ ऑगस्टला मिळाला असेल तर तीन महिने २५ नोव्हेंबरला संपले आणि वरचे ३० दिवस २५ डिसेंबरला. इथे सुट्टीची सवलत मिळत नाही. उघडल्या दिवशी केलेला अर्ज मुदतबाह्य ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ पासून हेच सांगितले आहे आणि २०२५ सालीही तेच कायम ठेवले. चवथीच्या सुट्ट्यांनाही हाच नियम.

११. ही मुदत कधीपासून मोजायची? वकिलाला ईमेलने प्रत आली, आम्हाला काही आले नाही.

सही केलेली प्रत लवादाकडून पक्षकाराला मिळाली त्या दिवसापासून. वकिलाला मिळणे म्हणजे पक्षकाराला मिळणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ठरवले. सरकारी खात्यांत आवक-जावक विभागात पाकीट पडले म्हणजे मिळाले असे नव्हे, निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला ते मिळायला हवे. तरीही या मुद्द्यावर भांडत बसण्यापेक्षा सर्वांत आधीची तारीख धरून चाला. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे पुरावा ठरतो.

निवाड्यातल्या गणिती किंवा टंकलेखनाच्या चुकीसाठी ३० दिवसांत कलम ३३ खाली अर्ज केला असेल तर मुदत त्या अर्जाचा निकाल लागल्यापासून मोजतात.

१२. कलम ३४ चा अर्ज गोव्यातच करायचा का? काम तर इथेच झाले होते.

काम कुठे झाले याला महत्त्व नाही, करारात लवादाचे 'आसन' (ज्या ठिकाणच्या न्यायालयांचा लवादावर अधिकार चालतो ते ठिकाण) कुठे ठरले आहे ते पहा. वेर्णाच्या कारखान्याचे काम, पण करारात आसन मुंबई, तर अर्ज मुंबईला. बैठका पणजीतल्या हॉटेलात सोयीसाठी घेतल्या एवढ्याने आसन बदलत नाही. आसन गोवा असेल तर न्यायालय प्रश्न ५ प्रमाणे.

अर्ज करण्याआधी समोरच्याला नोटीस पाठवा आणि ती पाठवल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडा. कलम ३४(५) ची ही अट चुकली म्हणून अर्ज बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले, पण कारण नसताना पहिल्याच तारखेला आक्षेप ओढवून का घ्यावा?

१३. अर्ज दाखल केला की वसुली आपोआप थांबते ना?

२०१५ च्या दुरुस्तीपासून नाही. कलम ३६ खाली स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. पैशाच्या निवाड्यात न्यायालय बहुधा पूर्ण किंवा बरीचशी रक्कम जमा करायला किंवा बँक गॅरंटी द्यायला सांगते. सरकारी खात्यालाही यात खास सूट नाही. समोरच्याने दरखास्त (वसुलीचा अर्ज) दाखल करण्याची वाट पाहू नका. आव्हान आणि स्थगिती, दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या.

१४. निवाडा तीन वर्षे रखडला तो लवादामुळे. मग त्या तीन वर्षांचे व्याज आम्ही का भरायचे?

न्यायाच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त आहे. १ कोटीवर ९ टक्के साधे व्याज धरले तर महिन्याला ७५ हजार होतात, तीन वर्षांत २७ लाख. हरलेल्याने काही केले नसताना हा बोजा वाढतो.

कायद्याचे उत्तर मात्र सरळ नाही. निवाड्यापूर्वीचे व्याज लवादाच्या अखत्यारीत असते आणि फक्त दर जास्त वाटतो म्हणून न्यायालय त्यात हात घालत नाही. निवाड्यानंतरच्या व्याजात काही परिस्थितीत बदल करता येतो, असे घटनापीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी गायत्री बालसामी प्रकरणात ४ विरुद्ध १ बहुमताने म्हटले. म्हणून व्याजाचा मुद्दा लवादासमोरच मांडा: 'राखून ठेवल्यापासून निवाड्यापर्यंतचे व्याज लावू नये' ही विनंती स्मरणपत्रातच लिहा. नंतर तिचा विचारच केला नाही, असे रेकॉर्डवरून म्हणता येते.

१५. न्यायालय निवाडा रद्द न करता दुरुस्त करून देईल का? आणि रद्द झालाच तर पुन्हा पहिल्यापासून?

दुरुस्तीचा अधिकार मर्यादित आहे. सदोष भाग वेगळा काढता येत असेल तर तेवढा काढणे आणि दिसताक्षणी कळणाऱ्या हिशेबी चुका नीट करणे, हे गायत्री बालसामीनंतर शक्य आहे. सबंध वादाचा नव्याने निकाल जिल्हा न्यायालय देणार नाही. लॅन्कॉरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली वाद स्वतःच संपवला, तो अधिकार दुसऱ्या कोणत्याही न्यायालयाकडे नाही.

कलम ३४(४) खाली निवाडा परत लवादाकडे पाठवता येतो, पण तो राहून गेलेली कारणे भरण्यासाठी, निष्कर्ष बदलण्यासाठी नव्हे. ज्यांना साक्षीच आठवत नाहीत त्यांच्याकडे कागद परत पाठवून काय साधणार, हा युक्तिवाद अशा वेळी जरूर करा.

रद्द झाला तर नव्याने लवाद सुरू करता येतो. कलम ४३(४) प्रमाणे पहिला लवाद सुरू झाल्यापासून न्यायालयाच्या आदेशापर्यंतचा काळ मुदतीतून वगळतात. पण खर्च आणि वर्षे पुन्हा जातात. आव्हान देण्यापूर्वी हा हिशेब अशिलाला वकिलाने तोंडावर सांगायला हवा.

१६. समोरची कंपनी परदेशी आहे. नियम बदलतात का?

बदलतात. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक लवादात कलम २९अ ची १२ महिन्यांची मुदत सक्तीची नाही, प्रयत्न करायचा एवढेच. 'उघड बेकायदेशीरपणा' हे कारणही तिथे मिळत नाही. राहते सार्वजनिक धोरण. आसन गोव्यात असेल तर अर्ज पर्वरीच्या उच्च न्यायालयात जातो.

१७. आमचा लहान कारखाना आहे. फॅसिलिटेशन कौन्सिलकडचा (लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडचा) निकाल ९० दिवसांत यायला हवा होता, आला दोन वर्षांनी.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याच्या कलम १८(५) मध्ये ९० दिवस लिहिले आहेत, पण उच्च न्यायालयांनी ते मार्गदर्शक मानले आहेत. ती मुदत उलटली म्हणून निवाडा पडत नाही. इथे महत्त्वाचे कलम १९ आहे. आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला आधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते, ती न भरता अर्ज ऐकलाच जात नाही. पुरवठादाराला ही अट नाही.

१८. महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन गेली. भरपाईसाठी नेमलेल्या लवादाकडे प्रकरण वर्षानुवर्षे पडून आहे.

राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ग(५) खाली हा लवाद केंद्र सरकार नेमते, पक्षकार नव्हेत. पण त्याच्या निवाड्यालाही कलम ३४ लागू आहे. तीन महिने अधिक ३० दिवस हीच मुदत (प्रश्न १०). घरातल्या सगळ्या सहमालकांना प्रत मिळाली का आणि कधी, ते लिहून ठेवा. एकत्र कुटुंबात एका भावाच्या कपाटात निवाडा पडून राहतो आणि बाकीच्यांना कळेपर्यंत मुदत गेलेली असते.

१९. मधे कोविडचा काळ गेला. तो धरायचा का?

१५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीतून वगळला आहे, आणि त्यात कलम २९अ सुद्धा येते. तारखांचा तक्ता करताना तेवढा काळ आधी बाजूला काढा. नाही तर समोरचा वकील तो दाखवेल आणि तुमचा ३० महिन्यांचा उशीर सहा-सात महिन्यांवर येईल.

२०. कलम ३४ चा अर्जच दोन वर्षे प्रलंबित आहे. याला काही मुदत नाही का?

समोरच्याला नोटीस बजावल्यापासून एक वर्षात निकाल लावावा, असे कलम ३४(६) सांगते. ते न पाळल्याने निकाल अवैध होत नाही, पण लवकर सुनावणीचा अर्ज देताना या कलमाचा आधार घ्या. अर्ज फेटाळला तर कलम ३७ खाली अपील पर्वरीला. व्यावसायिक वादात त्यासाठी ६० दिवस असतात. तिथला थोडासा उशीर सबळ कारणाने माफ होऊ शकतो, कलम ३४ च्या अर्जातला तीन महिने अधिक ३० दिवसांपलीकडचा उशीर मात्र कधीच नाही.